बोडक्या डोक्यानं

मंद्रूपला पहिला ट्रॅक्टर आला, तेव्हा आठवड्याचा बाजार सोडून सारं गाव बांधावर लोटलं. तो चालवण्याचा मान महिपतीचा होता. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तो चढणार तोच मिस्त्री आडवा आला. "पटका उतरवा, महिपतराव. शेमला त्या फिरत्या चाकात गेला, तर मुंडकंही जाईल." महिपती थबकला. बोडक्या डोक्यानं चारचौघांत यायचं ते बाप गेल्यावरच. "भरल्या गावात? माझा बाप जिता हाय की!" तो म्हणाला. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "मग बैलंच जुंपा!" हशा पिकला. महिपती हिरमुसून मागं वळला. तेवढ्यात त्याचे वडील आप्पा गर्दीतून काठी टेकत पुढं आले. त्यांनी लेकाचा पटका स्वतःच्या हातानं उतरवला आणि आपल्या पटक्यावर चढवला. "बघा रं," दोन पटक्यांचे आप्पा गर्जले, "बाप जिता हाय! चढ आता वर!"