खिडकी म्हणजे पाठव

“झाकण!” बाबांनी डावी मूठ टेबलावर आपटली. “अगं, झाकण!”

मुलीला कळेना. तिने स्क्रीनकडे पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. लिहिलेलं काम त्यांना सेव्ह करायचं होतं आणि तो शब्दच काही केल्या येत नव्हता. तोंडीही नाही, टाइप करतानाही नाही. पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले होते. अठ्ठावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला कोड अजून वाचता येत होता. बोलताना मात्र एका शब्दाच्या जागी भलताच येऊन बसे. उजवा हात गेलेला, त्यामुळे दोन-तीन बटणं एकदम दाबता येत नसत. कोड लिहायच्या एडिटरला प्रत्येक आज्ञा नावाने टाइप करूनच द्यावी लागे.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. कोडमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण आज्ञांना आपल्या मनाची नावं देता येतात, एवढं तिने शोधून काढलं.

“झाकण तर झाकण,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणाल ते नाव.”

झाकण म्हणजे सेव्ह. मांजर म्हणजे शोध. चप्पल म्हणजे केलेलं मागे घे. खिडकी म्हणजे झालेलं काम ऑफिसला पाठव. त्या दिवशी बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

ऑफिसने घरून काम दिलं. दोन महिने बरे गेले. मग एका दुपारी बाबांच्या साहेबांचा फोन तिच्या दुकानात आला.

“त्यांचं सगळं काम दुसऱ्याला पुन्हा करावं लागतं. आता थांबवतोय. त्यांना तुम्हीच सांगा, आमची जीभ रेटत नाही.”

जिना चढताना तिने वाक्यं जुळवली. दार उघडलं, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. गालावर दाढी करताना कापल्याची खूण. ती सरळ चहा टाकायला आत गेली. संध्याकाळी सहाला ते आंघोळीला गेले, तेव्हा तिने नावांची फाईल उघडली आणि खिडकीसमोरची ओळ बदलली. काम आता कुठेच जाणार नव्हतं. स्क्रीनवर फक्त ‘पाठवलं’ असं उमटणार होतं. राहिलेल्या कामांची यादी ऑफिसने दिलेल्या मशीनवर होतीच, त्यामुळे बाबांना करायला काम उरणार होतं.

चार महिने बाबा रोज सकाळी नऊला बसत. एका हाताने, एकेक अक्षर. मान आखडली की भिंतीला टेकत आणि पुन्हा वाकत. संध्याकाळी ती विचारायची, “गेलं का काम?” ते अंगठा वर करून म्हणत, “गेलं.” तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची.

शेवटी ऑफिसने मशीन परत मागितलं. ते न्यायला बाबांचा जुना सहकारी आला. बाबा आत झोपले होते. तिने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ती फाईल उघडली, केलेल्या बदलांची नोंद काढली.

“ही तुमची ओळ. पण ताई, ही चाललीच नसती. यात स्वल्पविराम राहिलाय. खिडकी म्हटल्यावर नुसती लाल अक्षरात चूक आली असती.”

“चालत होती की. चार महिने.”

“हो. कारण दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी घातलाय.” त्याने बोट ठेवलं. “बाकी ओळीला हात लावलेला नाही. सकाळी सव्वाअकरा.”

सव्वाअकराला ती दुकानात असायची. घरात बाबा एकटेच असत.