बेरिलचं पाण्याचं माप

पाणी काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या तोंडाशी आलं आणि इवलंसं फुगून उभं राहिलं. बेरिलनं टीपकागदाचा कोपरा अलगद टेकवला. पाणी सपाट झालं. तो फुगवटा मोजला की माप फसतं, हे ती झोपेतही सांगेल.

"सासूबाई, बंदुकीला पाणी पाजताय की काय?" डार्सी शेडच्या दारातूनच हसला. दुपारी डॅल्बीच्या मैदानावर नेमबाजीची फायनल होती. रायफल त्याच्या डाव्या खांद्यावर होती. तसा गडी उजव्या हाताचा. पण त्याच्या सासऱ्यांनी, क्लॅरीनं, नऊ वेळा ढाल जिंकली ती डाव्या खांद्यावरून. का, म्हणून विचारलं की म्हातारा म्हणायचा, 'मला डावाच बरा पडतो.' क्लॅरी गेल्यावर जावयानं दोन वर्षं घाम गाळून डावा नेम बसवला होता.

बेरिलनं भरलेली पुंगळी काट्यावर ठेवली, रिकामीचं वजन वजा केलं. क्लॅरीच्या जुन्या पुंगळ्यांत छप्पन्न ग्रेन वजनाचं पाणी मावायचं. त्या आता झिजून संपल्या. डार्सीनं आणलेल्या नव्या कंपनीच्या पुंगळीत मावलं त्रेपन्न. बाहेरून दोघी जुळ्या, हिचं पितळ मात्र आतून जाड.

"बंदुकीची दारू कमी घालायची," ती म्हणाली.

"आज? अहो, कमी घातली तर सगळा नेम नव्यानं बसवावा लागेल. हातची ढाल जाईल! वहीत क्लॅरीचं माप आहे ना? काळ्या दगडावरची रेघ ती!"

"रेघ खरी, पण जुन्या पुंगळीची. तेवढीच दारू कमी जागेत कोंडलीस, तर बंदूक तुझ्याच तोंडावर फुटेल, जावईबापू."

"उगाच बाऊ करता तुम्ही. क्लॅरीनं कधी मोजलं होतं का असलं पाणी?"

"नाही ना." बेरिलनं त्याच्या खांद्यावरून रायफल काढून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. "काडतुसं मीच भरायचे. एकदा अशाच नव्या पुंगळ्या आल्या आणि मीही न मोजता भरल्या. बंदूक तोंडावर फुटली आणि त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. दिसायला डोळा तसाच राहिला, म्हणून कुणाला कळलं नाही."

डार्सीचा हात आपल्या डाव्या खांद्याकडे गेला.

"माझं नाव निघू नये म्हणून तो मरेपर्यंत सांगत राहिला, डार्सी, 'मला डावाच बरा पडतो.'"