मागचा आवाज

युनूसच्या नव्या छोट्या एसयूव्हीला मागून खडखड आवाज येऊ लागला आणि दातात सुपारी अडकावी तसा तो बेजार झाला. चालवताना नीट ऐकू येईना, म्हणून त्यानं अम्मीलाच मागच्या सीटवर बसवलं. गुडघ्यांपायी ती अंगणही ओलांडत नसे. कापसाचा बाजार बसल्यापासून जिनिंगच्या सामानाचं त्याचं दुकान लवकर बंद होई. मग बाभुळगावबाहेर रोज एक चक्कर ठरलेली.

यवतमाळच्या मेकॅनिकनं सैल झालेला जॅक आवळून दिला. आवाज थांबला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू.

“येऊन राह्यला का, अम्मी?”

“येऊन राह्यला ना. आणखी थोडी पुढं घे, मंग समजते.”

शुक्रवारी गाडी धुताना मागच्या सीटखाली त्याच्या हाताला अम्मीचा अडकित्ता लागला. सकाळीच तर ती घरात याच अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती.

युनूस गालातल्या गालात हसला. अडकित्ता पुसून त्यानं होता तिथंच ठेवला आणि दाराकडं तोंड करून हाक मारली,

“अम्मी, आवाज काही गेला नाही. आज राळेगावपर्यंत जाऊन पाहू.”