कॅम्पातला फ्रेंच ब्रेड

फ्रान्समध्ये दोन वर्षं शिकून आलेल्या मयूरला नाशकातला एकही पाव पसंत पडेना. त्याची बायको दिशा हौसेनं फ्रेंच ब्रेड करून त्याच्यापुढे ठेवायची. तो चव न घेताच ताट सरकवायचा. आज सकाळीही म्हणाला, "तुझ्या हातचा ब्रेड? त्यापेक्षा खडू खाईन!"

संध्याकाळी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीत त्याला हवा तसा ब्रेड दिसला. वरून तांबूस, कडक. मोडताच कर्रकन आवाज. त्यानं उभ्या उभ्याच अर्धा संपवला, उरलेला बायकोला दाखवून तिची जिरवायची म्हणून बेकरीवाल्या चाचांकडून कागदात बांधून घेतला.

"चाचा, याला म्हणतात ब्रेड! आमच्या बायकोला शिकवा जरा. आणि रोज एक माझ्यासाठी ठेवत जा."

"कुठनं ठेवू, साहेब? लोक नानकटाईचं सामान भाजून घ्यायला आणतात, तशा गंगापूर रोडच्या दिशाताई पीठ मळून आणायच्या. मी नुसता भट्टीत भाजून द्यायचो. घरी नवरा तोंड लावत नाही म्हणून हल्ली एखादा इथंच ठेवून जायच्या."

"मग?"



"आज शेवटचा भाजून घेतला. म्हणाल्या, चाचा, मी नवऱ्याला सोडून चाललेय."