ठोकळ्याचं काम

साहेबांनी लोखंडाचा ठोकळा तिच्या टेबलावर ठेवला. टेबलावरचे स्क्रू उडाले.

"दुसरी मोटर काढलीत ना? त्या जागी हा बसवा."

"हा काय करतो, सर?"

"काही करत नाही. जड आहे, एवढंच." साहेबांनी तिचा नवा प्रिंटर एका हाताने उचलून दाखवला. "हे बघा. खेळण्यातलं वाटतं. दुकानात माणूस आधी मशीन उचलून बघतो, मग किंमत विचारतो. हलकं लागलं की पुढच्या मशीनकडे वळतो."

ती ठोकळ्याकडे बघत राहिली. ऑफिसात सगळे तिला वजाबाकी म्हणत. बाकीचे मशीनला रोज काहीतरी जोडत आणि ही बया रोज काहीतरी काढून टाकी. जुन्या प्रिंटरात एक मोटर कागद ओढायची आणि दुसरी शाईची तोंडं साफ करणारा पंप चालवायची. पंप चालतो तेव्हा कागद थांबलेलाच असतो. मग दोघींना कशाला पोसायचं? तिने कागदाच्याच मोटरला थांबल्या वेळात उलटं फिरवलं आणि पंप तिच्या गळ्यात घातला. ऐकायला सोपं, पण ते जमेपर्यंत तिने किती गिअर मोडले आणि किती वेळा बाथरूममध्ये जाऊन रडली, हे तिचं तिलाच ठाऊक. दुसरी मोटर काढल्यावरही पहिलं पान स्वच्छ छापून आलं, तेव्हा मात्र ती सगळ्यांसमोर नाचली होती.

"सर, ती मोटर निदान फिरत तरी होती," ती म्हणाली. "हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"तर मग मॉडेल रद्द. जुनंच चालू ठेवू." साहेब दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि वजाबाकीची एवढी हौस असेल, तर ती तुमच्यापासूनही सुरू करता येईल."

तिची कानशिलं तापली. तिने उडालेले स्क्रू एकेक करून गोळा केले.

नव्या प्रिंटरचा एक नमुना तिने घरी वापरायला नेला होता. आई घरी शिकवण्या घ्यायची. आतल्या खोलीत प्रश्नपत्रिका छापायची आणि मुलांना मधेच आणखी काही लागलं, तर प्रिंटरच उचलून बाहेरच्या खोलीत आणायची.

"आई, हा थोडा जड झाला तर चालेल?"

"का? चांगला आहे की! जुना हलवायचा तर तुझ्या बाबांना हाक मारावी लागायची. ते पेपरातून मान वर काढेपर्यंत पोरं पेंगायची. वजन काय चाटायचंय? कुणाच्या डोक्यातलं खूळ हे?"

"आमच्या साहेबांच्या."

"मग त्यांना म्हणावं, तुम्हीच येऊन उचला. तुझं तोंड शिवलंय का?"

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, "बसवते."

वजाबाकीने शेपूट घातलं, ही बातमी जेवणाच्या सुट्टीआधीच सगळीकडे झाली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी समजूत घालायला आला. "बरं केलंस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" ती हसली. तिने ठोकळ्याचं ड्रॉइंग काढलं आणि सहीला नेलं. साहेबांनी त्यात वजन तेवढं पाहिलं, "आता कसं शहाण्यासारखं," म्हणाले आणि सही ठोकली.

त्या कारखान्यात साहेबांनीच घालून दिलेला एक नियम होता. पूर्वी कधीतरी दोन सारखे दिसणारे गिअर अदलाबदल होऊन बसले आणि मशीनं कागद बाहेर टाकायच्या ऐवजी गिळत सुटली. तेव्हापासून प्रत्येक भागावर त्याचं काम उठावदार अक्षरांत ओतलं जाई, आणि नवं मॉडेल पास करायच्या बैठकीत साहेब स्वतः एकेक भाग हातात घेऊन ती अक्षरं मोठ्याने वाचत. वाचल्याशिवाय भाग पास नाही. या नियमाचा त्यांना पोराबाळांइतका अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर नियम चांगलाच होता.

बैठकीच्या सकाळी ती लवकर आली. ड्रॉवरमधला कप, चपला आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हर तिने पिशवीत भरला.

"आता काय ड्रॉवरमधूनही वजाबाकी?" सहकाऱ्याने विचारलं.

"हो. तयारी असलेली बरी."

बैठकीला कारखान्याच्या मालकीणबाई येऊन बसल्या होत्या. टेबलावर मशीनचे सगळे भाग ओळीने मांडले होते. या वेळी ओळ आखूड होती. मालकीणबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. "एवढंच? बाकीचं कुठे आहे?"

"साधं केलंय, बाई. आमच्या विभागाची कमाल," साहेब म्हणाले. वजाबाकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि मान ताठ ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"मोठा गिअर. कागद ओढतो." त्यांनी तो बाजूला ठेवला.

"छोटा गिअर. पंप फिरवतो."

"दांडी. गिअर बदलते."

मालकीणबाई कौतुकाने मान डोलवत होत्या. साहेबांना चांगलीच लय सापडली होती. त्यांनी दोन्ही हातांनी लोखंड उचललं, उलटं केलं, आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं,

"ठोकळा. गिऱ्हाईकाला फसवतो."