बोर्डाचं पोट

“ह्यो बोर्ड आसा, होडी नाय!” बायकोने घासलेलं सर्फबोर्डाचं पोट बघून जनार्दन कडाडला. त्याला तळ सपाट हवा होता. सुगंधाने दोन्ही कडांना उतार देऊन मधोमध कणा काढला होता. फायबरच्या होड्या घासण्यात हयात गेलेल्या तिच्या हाताला दुसरं वळणच ठाऊक नव्हतं.

पण लाटा तर आजच चांगल्या होत्या. तणतणतच त्याने बोर्डाखाली पंखांची दांडी बसवली आणि तो समुद्रात शिरला.

सुगंधा किनाऱ्यावर जीव मुठीत धरून उभी. वेग येताच पाण्याखालच्या पंखांनी बोर्ड पाण्यावर हातभर उचलला. मग वेग मंदावला, पोट खाली टेकलं. आजवर इथेच घात व्हायचा. सपाट तळ जळूसारखा पाण्याला चिकटायचा आणि जनार्दन तोंडावर आपटायचा. तिने डोळे मिटून घेतले.

उघडले, तर बोर्ड पाण्याला नुसता शिवून पुन्हा वर! असाच टेकत, उठत तो थेट उथळ पाण्यापर्यंत आला.

“अगे, नेमका घासलंस कसा?” जनार्दन धापा टाकत, नाचतच तिच्याकडे धावला.

“माका काय म्हायत! ताईक फोनवर तुमची गाऱ्हाणी सांगत होतंय. लक्ष खय होता?”

घरी पोचताच त्याने दुसऱ्या बोर्डासाठी फोमचा कोरा ठोकळा तिच्यापुढे मांडला आणि वर तिचा फोन ठेवला.

“लाव ताईक,” तो म्हणाला, “आणि हातचा काय राखू नको.”