येतो, भाऊ

आर्वीजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे मॅनेजर रूपराव म्हणजे लाख मोलाचा माणूस. कामगारांच्या घरचं लग्न असलं, की स्वतः उभं राहून लावून देत. पण कापसाच्या गाड्या लागल्या, की "दोन घंटे थांबा, बाप्पा, जबाबदारी माही," म्हणत सहाची सुट्टी रोज पुढे ढकलत. त्यांच्या शब्दाखातर कोणी हूं की चूं करत नसे.

एका संध्याकाळी सहाला फाटकातून कुंताबाईचा आवाज आला, "येते, भाऊ."

रूपरावांनी मान वर केली. फाटकात कोणी नव्हतं. कुंताबाई तर समोरच बसून कापसातला कचरा वेचत होती.

"कुंताबाई, तुम्ही काही म्हटलं काय?"

"मी कुठं?" ती हसली. "तुम्ही जा म्हणाल तवाच जाईन न, भाऊ."

दुसऱ्या दिवशी गोपालचा आवाज 'येतो' म्हणून गेला. मग चंदनचा, मग एकेक करून साऱ्यांचा. माणसं मात्र जागच्या जागी राबत होती. आताशा 'घरी कधी येता?' म्हणून कोणाच्याच घरून फोन येईना.

शनिवारी फाटकातून रूपरावांचाच आवाज आला. "येतो रे, पोरंहो."

हातातला कापूस तिथंच टाकून त्यांनी घरी फोन लावला. "छाया, मले आज उशीर होईल," एवढंच कसंबसं तोंडून निघालं.

 पलीकडून बायकोचा तोच मायेचा आवाज आला, पण घरातल्या कोणाशी तरी बोलणारा.

"अवो, हातपाय मंग धुवा. तुमचाच फोन आहे."